काटा काढणारी बोटं

माझी बोटं लांब आणि निमुळती. दिसायला काही खास नाहीत, पण मालवणजवळच्या आमच्या वाडीत त्यांना मान होता. पेडवे, म्हणजे बारीक काट्यांचे मासे, यांचा हंगाम आला की कोणाच्या ना कोणाच्या घशात काटा अडकायचा. भाताचा गोळा गिळूनही तो उतरला नाही की हाक मला यायची. माणसांचा काटा काढला तसा कुत्र्यामांजरांचाही काढला. मला त्याचा भारी तोरा होता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मे महिन्यात आमचा कुत्रा अंगणात मान लांब करून ठसकायला लागला. कोरडा, घोगरा ठसका. शेवटी ओकारी आल्यासारखं करून तो पांढरा फेस टाकायचा आणि लगेच शेपटी हलवत भात मागायचा. म्हणजे काटाच! वाडीत दुसरा विचार कोणाच्या डोक्यातही आला नाही. मी त्याचा जबडा उघडून बोटं घातली. हाताला काही लागलं नाही. काटा खोल गेला असेल असं मीच ठरवलं आणि बोटं पदराला पुसली.

शेजारची काकी कुंपणापलीकडून हे बघत होती. ती विधवा, घरात एकटी. बोलायला होती ती तिची कुत्री आणि तिची चार पिल्लं.

"माज्या कुत्रेकय बघ गो," काकी म्हणाली. "पिलांका पाजता ती. घशात काय ऱ्हवाक नको."

मी गेले आणि तीच बोटं त्या कुत्रीच्या तोंडात घातली.

आठवडाभरात काकीची कुत्री ठसकायला लागली, मग पिल्लं. मी रोज जायचे, एकेकाचं इवलंसं तोंड उघडायचे. दोन पिल्लं गेली तरी माझी अक्कल ठिकाणावर आली नाही.

त्याच सुमारास गुरांना टोचायला सरकारी डॉक्टर वाडीत आले. आमची गाय धरताना मी त्यांना काट्यांची ही साथ सांगितली.

"पिल्लं मासे खातात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आईच्या दुधावर आहेत अजून."

"मग काटा आला कुठून?"

हा एकाचा दुसऱ्याला लागणारा खोकला आहे, ते म्हणाले. आजारी कुत्रं वेगळं ठेवायचं, त्याचं भांडंही वेगळं. गळ्यात दोरी नको. धुरापासून लांब, उबेत निजू द्यायचं, पातळ पेज द्यायची. मोठी कुत्री बहुतेक दोन-तीन आठवड्यांत सुधारतात. पिल्लांच्या मात्र छातीत उतरतो, धाप लागली की सुई द्यावी लागते. "आणि हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कुत्र्याला लावू नका."

मी त्यांना घेऊन धावतच काकीकडे गेले. तिसरं पिल्लू तिने सकाळीच माडाखाली पुरलं होतं. चौथं मांडीवर धापत होतं.

"बरा झाला इलंस," ती म्हणाली. "हेचो काटो तेवढो काढ गो. तुज्या हाताक गुण आसा."

मी हात मागे घेतले. "काकी, काटो नाय. खोकलो आसा. आणि तो माज्याच हातान तुज्या घरात हाडलंय."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग डॉक्टरांना म्हणाली, "काय करूचा ता सांगा."

त्यांनी सुई दिली. पुढचे पंधरा दिवस काकीने त्यांनी सांगितलेलं सगळं केलं आणि ते पिल्लू जगलं.

काकी माझ्याशी बोलायची थांबली नाही. गेले की "बस गो" म्हणायची, पोहे पुढे करायची. पण मी पायरी चढण्याआधी ती उठायची, पिल्लाला उचलून आत ठेवायची आणि दाराला कडी लावून मग माझ्याजवळ येऊन बसायची.