विसापूरचा कडा दिसतोय का?

मला लढाऊ विमान चालवायचं होतं. पुण्याच्या तळावरून उठलेली विमानं आमच्या मळवली गावावरून जायची. आधी विमान दिसायचं, मग आवाज यायचा, आणि तोवर ते लोहगडाच्या पलीकडे गेलेलं असायचं. वडील एका मुंबईकराच्या बंगल्याची देखभाल करायचे, आई आमची दोन भातखाचरं बघायची. आमच्या घरात कुणी विमानात बसलेलंही नव्हतं. पण शेजारी एक आबा राहायचे, ते हवाई दलातून निवृत्त झालेले. मी त्यांना लहानपणापासून छळायचे, "आबा, तुम्ही किती विमानं उडवली?" ते हसून तंबाखू मळत बसायचे.

कॉलेज लोणावळ्याला. सकाळी अंधार फिटायच्या आत भाजे गावाच्या रस्त्यानं पळायला जायचे, मग गाडी पकडायचे. हवाई दलाची लेखी परीक्षा पास झाले आणि निवडीसाठी म्हैसूरला गेले. तिथं वैमानिकाची एक वेगळी चाचणी असते. यंत्रासमोर बसायचं आणि पडद्यावर पळणारा ठिपका हातापायांनी धरून ठेवायचा. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. माझा ठिपका सुटला. मी घाबरून तो जास्तच जोरात ओढला आणि तो पार कडेला गेला. संध्याकाळी नावं वाचून दाखवली, त्यात माझं नव्हतं.

घरी आले तेव्हा भाताची लावणी चालू होती. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

"नाही."

"जेव आन् खाचरात ये. दोन बायका कमी हायेत."

मी गेले. चिखलात वाकल्यावर रडू यायला लागलं. तोंड पुसायला हात कोरडा नव्हता. तेवढ्यात आबा बांधावर येऊन उभे राहिले.

"नापास झालीस व्हय?"

"आता परत देता येत नाही, आबा. विमान संपलं माझं."

"मला इचारत हुतीस ना, किती इमानं उडवली म्हून? एक बी न्हाई. मी इंजनाचा मिस्त्री." ते बांधावरच उकिडवे बसले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला नीट सगळं सांगितलं. आपलं हवाई दल सुरू झालं तेव्हा मूठभर माणसं आणि कापडी पंखांची थोडीशी विमानं होती. स्वातंत्र्यानंतर लगेच काश्मीरला फौज पोचवायची वेळ आली, ती मालवाहू विमानांनी पोचवली. आबा भरती झाले ते पुढं बऱ्याच वर्षांनी, एकाहत्तरच्या लढाईच्या तोंडावर. लढाई संपल्यावर त्यांची बदली उत्तरेच्या एका तळावर झाली. तिथून डोंगरातल्या चौक्यांवर पीठ, रॉकेल, औषधं हवाई छत्रीनं टाकायची. "लढाई चार दिस. ही पोती बारा म्हैने," आबा म्हणाले.

"मग तुमचं काम काय असायचं?"

"इमान नीट हाय म्हून सही करायची. पर माझ्या सहीनं काय उडत नव्हतं. हवामानवाला साहेब हुता. तो थांबा म्हनला की समदा तळ थांबायचा. येकदा वरनं लय घाई झाली, त्याचं कुनी ऐकलं न्हाई." आबांनी बांधावरचा खडा उचलून चिखलात टाकला. "त्या इमानावर सही माझी हुती. इंजन चांगलं हुतं, पोरी. ढगात डोंगर हुता."

आईनं पलीकडून हाक मारली, मी पुन्हा वाकले. पण रडू थांबलं होतं. माझं भौतिकशास्त्र चांगलं होतं. हवामान शाखेत यायला वैमानिकाची चाचणी लागत नाही, हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशीपर्यंत मी ती शाखा उरलेल्यांची समजत होते. रात्रीच्या जेवणाला वडिलांना सांगितलं, पुण्याला एमएस्सी करते आणि परत जाते. ते म्हणाले, "जा. पण ह्या वेळी पास हो."

झाले. प्रशिक्षण संपवून एक-दोन तळ फिरले आणि मग पुण्याला आले. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर वैमानिकाला वर जाण्याआधी तिथली हवा सांगायची. ते वाक्य सांगताना सोपं वाटतं. एका ऑगस्टमध्ये सकाळीच जिल्हा प्रशासनाचा निरोप आला. विसापूर किल्ल्याच्या कड्यावर दोन जण अडकले होते, तरुण नवरा-बायको. धबधब्याच्या बाजूनं चढताना घसरले, त्याचा पाय मोडला होता. गिर्यारोहकांची बचाव टीम त्यांच्यापर्यंत पोचली होती, पण ओल्या कातळावरून मोडक्या पायाच्या माणसाला उतरवता येईना. हेलिकॉप्टर हवं होतं.

हेलिकॉप्टर तयार होतं. आमचे प्रमुख माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "काय म्हणता?"

"आता नाही, सर. कडा ढगात आहे."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला. पलीकडे बचाव टीमचा माणूस पावसात ओरडत होता, "मॅडम, त्याला शुद्ध राहत नाहीये! तुम्ही कशाची वाट बघताय?"

"ढग उघडायची," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? उपग्रहाच्या चित्रात सगळा घाट पांढरा होता. त्या पांढऱ्याखाली कड्याजवळ किती फट आहे ते चित्रात कळत नाही. तिथं डोळे हवे होते, आणि बचाव टीम तर ढगाच्या आतच होती.

"सर, खाली मळवलीत माझं एक माणूस आहे. तिथून विसापूर समोर दिसतो. विचारू?"

"कोण माणूस?"

"माझी आई."

"विचारा."

आई खाचरातच होती. फोन उचलला तो ओरडूनच. "काय गं? ह्या टायमाला?"

"आई, विसापूरचा कडा दिसतोय का?"

"न्हाई. निम्म्यापस्तोर धुकं हाय. का?"

"वारं कुठून येतंय?"

"घाटाकडनं. पर मघापेक्षा पडलंय. काय झालंय, सांगशील का न्हाई?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मी बघती. फोन चालू ठेव."

ती वडिलांना घेऊन बंगल्याच्या गच्चीवर गेली. मी वाऱ्याचे आकडे पाहत होते. वारा वळत होता, पाऊस दक्षिणेला सरकत होता. माझ्या हिशेबानं फट पडायला हवी होती. पण हवी होती म्हणून कुणाला वर पाठवायचं नसतं.

"उघडतंय गं," आई म्हणाली. "खालचा टप्पा दिसला. आता मधली झाडं. आता... पार टोक दिसतंय!"

"लोहगड?"

"त्यो बी. तुझे वडील व्हय म्हनत्यात."

मी प्रमुखांकडे वळले. "आता पाठवा, सर. वेळ थोडा आहे. पूर्वेकडून आत शिरायचं, परत तिकडूनच निघायचं. मी थांबा म्हटलं की निघायचं."

पुण्याहून मळवली हेलिकॉप्टरला लांब नाही. पण तेवढा वेळ मी खुर्चीत बसू शकले नाही. आईनं आवाज आधी ऐकला, मग हेलिकॉप्टर दिसलं, मग दोर खाली जाताना दिसला. पहिल्यांदा जखमी वर गेला, मग ती मुलगी.

"पुन्हा घाटात भरून आलंय," आई म्हणाली.

मी रेडिओवर म्हणाले, "निघा."

ते निघाले. कड्यावर उरलेली टीम दोराच्या वाटेनं पायी उतरणार होती, तेच ठरलं होतं. थोड्या वेळानं आईला कडा दिसेनासा झाला.

त्या माणसाचा पाय वाचला, असं नंतर कळलं. वैमानिक परत येऊन ओल्या बुटांनीच माझ्या खोलीत आले. मला वाटलं, काही म्हणतील. त्यांनी गटागट पाणी पिऊन बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं, "उद्या सकाळचं काय? सातला रत्नागिरीकडे जायचंय."

मी खुर्ची ओढली आणि किनाऱ्याचे नकाशे उघडले.