पहिला घास

लसूण भाजल्याचा वास आला की बाबांना जिथे जेवायला नेलं होतं, ते नाशिकचं हॉटेल आठवतं. समोरच्या उघड्या स्वयंपाकघरात एक तरुण शेफ मन लावून एकेक पदार्थ सजवत होती, आणि प्रत्येक पदार्थ जेमतेम घासभर. शेतात जेवताना बाबा पहिला घास काळ्या आईसाठी बाजूला काढतात. तिथेही त्यांनी काढला, म्हणजे पहिला पदार्थ अख्खाच बशीबाहेर ठेवला. ती शेफ लगबगीने आली. “काही चुकलं का?” खरं सांगायची मला लाज वाटली. म्हणालो, “त्यांना आवडलं नाही.” तिचा चेहरा उतरला. पुढचं सगळं मात्र बाबांनी चाटूनपुसून खाल्लं. परतताना द्वारका चौकातल्या सिग्नलला एवढंच म्हणाले, “लय जीव लावून करत व्हती रे ती पोरगी.” आता शेतात बाबा पहिला घास काढायला लागले, की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठतो.