शांताक्काचा न हललेला फोटो

ये गं मीनू, जवळ सरक, निदान ह्या कागदाच्या तरी. फोनवर "येते मावशी, येते" म्हणतेस आणि बंगळुराहून म्हैसूरला येणं काही होत नाही तुझ्याच्यानं. म्हणून शांताक्काबद्दल लिहूनच सांगते.

कुवेंपुनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. नाव शांता, पण मी तिला खुर्चीला टेकलेलं कधी पाहिलं नाही. कॉफीसुद्धा जिन्यात, उभ्यानं. "बेगा, बेगा! चला लवकर, बसून कुणाचं भलं झालंय?" हे पालुपद. फोटोंचा नाद भारी, पण बटण दाबायच्या आत हिचा पाय पुढं. तिच्या फोटोंत आम्हा सगळ्यांना दोन-दोन नाकं. तिचे यजमान चिडवायचे, "अगं, तुझ्या हातून देवळाचा खांबसुद्धा हलतो!" हसायची, पण ते तिला फार लागायचं.

एकदा नदीवरच्या पक्षिधामात हौशी लोकांची फोटोंची स्पर्धा ठरली. दिवसभर काढायचे, संध्याकाळी रोल जमा करायचा. "एक तरी न हललेला काढून ह्यांच्या हातात ठेवते," म्हणाली आणि मलाही ओढून नेलं.

होडीत नुसती चुळबुळ. नावाडी ओरडला, "अम्मा, कूतकोळी! बसा, नाहीतर मगरींचं जेवण व्हाल!" रोल संपत आला, सगळे हललेलेच असणार. एक फोटो उरला. तेवढ्यात झाडावर चित्रबलाक दिसला, बगळ्यासारखा, पण थोराड. पिल्लांवर पंख पसरून भर उन्हात छत्रीसारखा उभा. शांताक्का श्वास धरून बसली. खरंच बसली गं! नावाड्यानं कौतुकानं होडी जवळ नेली, आणि पक्षी उडाला. पिल्लं चोची वासून उन्हात धापा टाकायला लागली.

शेजारच्या होडीतले टोपीवाले म्हणाले, "घ्या की बाई, आता पिल्लं कशी स्पष्ट दिसताहेत! की हात कापतोय?"

"कापतोय तर कापतोय! डोकी भाजताहेत त्यांची, दिसत नाही?" आणि नावाड्याला, "हिंदे, हिंदे! मागं घे, बेगा!"

पार लांब गेल्यावर पक्षी परतला. तेव्हा तिनं बटण दाबलं.

बक्षीस कसलं मिळतंय? फोटोत सगळं झाडच, पक्षी तिळाएवढा. यजमानांनी भिंग लावून बराच वेळ पाहिला. "हललेला नाही," एवढंच म्हणाले, आणि शांताक्का भाजी घेऊन येते म्हणत पळालीच.

गेल्या वर्षी ती गेली, तेही घाईतच, कुणाला हाक मारायलाही सवड न देता. फोटो तिच्या मुलानं मला दिला. रोज हातात घेते. झाड दिसतं, पक्षी काही आताशा माझ्या डोळ्यांना सापडत नाही. लवकर ये गं, आणि माझं बोट धरून त्याच्यावर ठेव.