सोकाच्या तालावर चपात्या

स्वयंपाकघरातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पातेल्याच्या बुडाशी खरवड धरते तसे ते धरतात. आमचं किचन वाचलं, म्हणून आता हसून सांगता येतात.

दहावीआधीच शाळा सुटली. वडिलांबरोबर अमेरिकेत आलो आणि सनीव्हेलला सुमनकाकूंच्या डब्यांच्या किचनमध्ये लागलो. मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून चपात्या लाटायला उभं केलं. शेजारी त्रिनिदादच्या इंद्राणीताई. नाव आपलं, बोलणं सगळं इंग्लिश. पहिल्याच दिवशी त्यांनी त्यांच्या बेटावरचा सोका लावला. कार्निव्हलला नाचायचं संगीत, धावत सुटलेलं.

"हे गाणं आहे की मिक्सर?" काकूंनी विचारलं.

"मिक्सर थांबतो," इंद्राणीताई म्हणाल्या.

*

काकूंनी एकदा सोकाची कॅसेट काढून भक्तिगीतं लावली. इंद्राणीताईंचं लाटणं गाण्याच्या तालावर चालायचं. त्या अगदी भक्तिभावाने लाटू लागल्या. अकरा वाजले, ड्रायव्हर दारात आणि निम्मे डबे रिकामे.

काकूंनी हात पुसून स्वतःच कॅसेट बदलली. "देवाला संध्याकाळी ऐकवू."

*

एका इंजिनिअरचा फोन आला. भाजीत मीठ नव्हतं म्हणून चिडला होता. बोलता बोलता थांबला. "काकू, मागे काय चाललंय? कॉपी करून द्याल?"

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर कॅसेट गेली. मग त्याचं अख्खं ऑफिस मागू लागलं. मिठाचं राहूनच गेलं.

*

इंद्राणीताईंचे पूर्वज उसाच्या मळ्यात काम करायला भारतातून बोटीने गेलेले. "सोकात तुमची ढोलकीपण आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आपलाच की," काकू खूश.

"ढोलकी तुमची. कंबर आमची."

काकूंनी कंबर हलवून पाहिली. दोन दिवस शेकत होत्या.

*

मग कंपन्यांनी माणसं काढली आणि आमचे डबे निम्म्यावर आले. मराठी मंडळाच्या जेवणांचं वर्षाचं काम मिळालं तरच किचन टिकणार होतं. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे काका म्हणत, चव बघायला येणार होते.

"उद्या टेप बंद. काका कडक आहेत," काकूंनी बजावलं.

काका आले, खुर्चीत बसले. किचन इतकं शांत की आमटी उकळलेली ऐकू येत होती. इंद्राणीताईंच्या चपात्या जाड झाल्या, माझ्या कच्च्या राहिल्या. काकांनी एक तुकडा मोडला आणि ताट सरकवलं. काकूंचा चेहरा पांढरा पडला.

मी कुणाला न विचारता टेपचं बटण दाबलं.

लाटणी सुटली. फुगलेल्या चपात्या एकामागून एक ताटात पडल्या. काकांनी ताट परत ओढलं आणि जेवले. काकूंनी भीत भीत वर्षाच्या कराराचा कागद पुढे केला. त्यांनी सही केली.

काकूंनी श्वास सोडला आणि टेप बंद करायला वळल्या.

"राहू दे," काका उठत म्हणाले. "ही खुर्ची तेवढी बाजूला घ्या."