नाव, गाव आणि सांगणारा

हसनभाई गेल्याचं मला वाचनालयातच कळलं. शुक्रवारची सकाळ होती. परत आलेली पुस्तकं मी नोंदवहीशी ताडून पाहत होतो आणि त्यांच्या पुतण्याचा रत्नागिरीहून फोन आला. महिनाभराच्या रजेवर गावी गेले होते. पहाटे नमाजाला उठले, नंतर ओटीवर बसले आणि तिथेच... फोन ठेवल्यावर मी उरलेली नऊ पुस्तकं नोंदवली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. याला आता पाच आठवडे झाले.

इथे आखातात, माहूजमधल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचं मराठी वाचनालय आहे. एक खोली, चौदा कपाटं, दोन हजार एकशे सहा पुस्तकं, मराठी वाचणाऱ्या कुणालाही खुली. मी अस्करला हिशेबाच्या नोकरीत, त्यामुळे नोंदवही, क्रमांक आणि कपाटांची वर्गवारी माझ्याकडे. हसनभाई मुकादम मुहर्रकला विमानतळाच्या कार्गो ऑफिसात क्लार्क. शुक्रवारी दारापाशीच्या टेबलावर बसून पुस्तकांची देवघेव ते करत. बारा वर्षं आम्ही असे शेजारी-शेजारी बसलो. मला ते 'जोशीबुवा' म्हणत, ते माझ्या नियमांमुळे. पुस्तकात पेन्सिलची खूणही करू नये, अशी पाटी मी लावली होती. "इथे हात धुऊन श्वास घ्यायचा," असं ते नव्या सभासदांना सांगत, आणि मी ऐकतोय ना ते बघत.

चार वर्षांपूर्वी सुनंदा वरठा वाचनालयात आली. जव्हारकडच्या एका पाड्यावरची वारली मुलगी, इथल्या हॉस्पिटलात नर्स. आमच्या लोकांवर काही आहे का, असं तिने विचारलं. मी अभिमानाने तिला सातव्या कपाटापाशी नेलं. अकरा पुस्तकं होती. कपाटावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती, 'जंगल, प्राणी व आदिवासी'. वरच्या खणात वाघ, मधल्या खणात पक्षी, खाली तिची माणसं. तिने चिठ्ठी वाचली. मग एक जाड पुस्तक उघडून बराच वेळ उभी राहिली आणि ते तसंच उघडं आणून हसनभाईंपुढे ठेवलं. पानभर एका म्हातारीचा फोटो होता. खाली छापलं होतं, 'वारली स्त्री. कपाळावरचे गोंदण पाहावे.'

"चाचा, ही माझी आजी," ती म्हणाली. "आईची थोरली मावशी. धवलेरी होती ती. धवलेरी गायल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. सगळ्या पाड्यांवरनं तिला बोलावणं यायचं. आणि इथे म्हणे, गोंदण पाहावे."

हसनभाईंनी टेबलावरची पेन्सिल तिच्यापुढे केली. "नाव लिही."

मी मध्ये पडलो. म्हटलं, नियम एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो. शिवाय ही तीच बाई कशावरून, याची खात्री काय... हे सगळं मी तिच्यासमोर बोललो. तिने पेन्सिल खाली ठेवली. "राहू दे चाचा," म्हणाली आणि सभासदत्वाचा अर्ज न भरताच निघून गेली.

वाचनालय बंद करून हसनभाई माझ्याबरोबर निघाले. जिन्यात म्हणाले, "बुवा, उद्या कुणी तुमच्या आईचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'ब्राह्मण स्त्री. नाकातली नथ पाहावी.' काय कराल?"

"लेखी तक्रार करीन."

"हां. तिने तोंडी केली."

दुसऱ्या दिवशी ते मला त्यांच्या गाडीतून तिच्या हॉस्टेलवर घेऊन गेले. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, हे तिला नीट समजावलं पाहिजे, असं मी वाटेत म्हणालो. "तुम्हाला माफी मागायचीय की सुटका हवीय?" हसनभाई म्हणाले. "ठरवा. पुढच्या सिग्नलपर्यंत वेळ आहे." मी ठरवलं. खाली लॉबीत तिला म्हणालो, "चुकलं माझं. कपाट चुकलं आणि बोलणंही." तिने फोन काढला. मग म्हणाली, "सर, तुम्हाला खात्री हवी होती ना? काल मोबाइलवर काढलेला फोटो मी आईला पाठवलाय. तिने मावशीला ओळखलं. रडली. नाव लखमी."

पुढच्या शुक्रवारी सुनंदा आली, तिने अर्ज भरला आणि हसनभाईंनी माझा नियम न मोडता वाट काढली. छोटी चिठ्ठी, तिच्यावर तीन ओळी: नाव, गाव, सांगणाऱ्याचं नाव. ती फोटोखाली चिकटवायची, पण छापलेलं झाकायचं नाही की खोडायचं नाही. "आधी काय लिहिलं होतं तेही दिसू दे," ते म्हणाले. "नाहीतर उद्या आपणच सांगू, आमच्याकडे असलं कधी नव्हतंच." सातवं कपाट सुनंदाने रिकामं केलं. गाणी गाण्यांत गेली, इतिहास इतिहासात. ती रजेवर जाऊन यायची तेव्हा आणखी नावं आणायची. आतापर्यंत चौदा चिठ्ठ्या झाल्या आहेत. दोन फोटोंना तिने चिठ्ठी लावू दिली नाही. त्यांच्या घरच्यांना अजून विचारलेलं नाही, म्हणाली. हसनभाईंनी ती दोन पानं माझ्या नोंदवहीत 'विचारायचे आहे' म्हणून लिहायला लावली. ती नोंद अजून तशीच आहे.

गेल्या शुक्रवारी या लेखासाठी हसनभाईंचा फोटो शोधत होतो. त्यांच्या टेबलाच्या खणात कात्री, गोंदाची बाटली, कोऱ्या चिठ्ठ्यांचा डबा आणि अगदी तळाला वाचनालयाच्या उद्‌घाटनाची स्मरणिका सापडली. तिच्यात पहिल्या दिवसाचा फोटो आहे. खालचा मजकूर माझा. खुर्चीवर बसलेल्या पाचांची नावं, हुद्द्यांसकट, आणि पुढे, 'मागे उभे: इतर'. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे हसनभाई, हातात पुस्तकांचा गठ्ठा. म्हणजे बारा वर्षं हे त्यांच्याजवळ होतं... मला कधी बोलले नाहीत.

सुनंदा शेजारी होती. तिने फोटो पाहिला, मजकूर वाचला आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी नाव लिहिलं.

"गाव, सर?"

"रत्नागिरी."

"तो जिल्हा झाला."

त्यांनी बारा वर्षांत किती पुस्तकं दिली, हे मी नोंदवहीतून लगेच सांगितलं असतं. गाव मला माहीत नव्हतं. मी पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, बंदरवाडी. गावच्या घरी हाच फोटो दाखवून चाचांनी मागे उभ्या असलेल्यांपैकी आणखी दोघं कोण ते त्याला सांगितलं होतं, तीही नावं त्याने सांगितली. मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या, तिसऱ्या ओळीत पुतण्याचं नाव घातलं आणि फोटोखाली एकाखाली एक चिकटवल्या. 'इतर' खोडलं नाही.