भिंगरी मॅडम आणि एक उलटा बाण

भिंगरी मॅडम खुर्चीवर बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. हजेरी चालत घ्यायच्या, डबा उभ्यानं खायच्या. हे नाव पोरांनी ठेवलेलं आणि मॅडमना ते पसंत होतं. त्यांचे वडील बीडला फळं विकायचे. त्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममधल्या त्यांच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं उठायचं. "मॅडम, बसा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसल्यावर सुचत न्हाई, भाऊ."

सगळा जीव पीएच.डी.त. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत वायूचे लांबच लांब धागे असतात आणि ते जिथं एकमेकांना मिळतात तिथं मोठे तारे जन्मतात, हे त्यांनी मला जिना उतरता उतरता सांगितलं. "मोठा तारा जागच्या मालावर मोठा होत न्हाई. त्याला धाग्यांतून लांबून येत राहतं. पेटल्यावर बी येतच राहतं." त्यांनी अभ्यासलेल्या वायूच्या ढगात धाग्यांतला वायू मध्याकडेच धावतोय, असं त्यांनी प्रबंधात मांडलं होतं. कॉलेजात कायमची जागा निघाली होती. मुलाखतीआधी प्रबंध दिला की ती त्यांचीच, असं प्राचार्यही बोलून गेले होते.

त्याच सुमारास मॅडम नारायणगडच्या जत्रेला जाऊन आल्या. गडावरून मोबाइलवर फोटो काढला, चहूकडच्या वाटांवर माणसांच्या रांगा. धागे समजावायला वर्गात तो दाखवून त्यांनी फळ्यावर वाटा काढल्या, सगळे बाण गडाकडे. शेजारच्या वर्गात मी शिकवत होतो. त्यांच्या चपलांचा आवाज एकदम थांबला, म्हणून डोकावलो. तलवाड्याची एक पोरगी उभी राहून सांगत होती, "मॅडम, ह्या वाटेवरचा बाण उलटा हाय. आमी तवा परत निघालतो. फोटोतली ती लाल पिशवी आमचीच."

तास सुटल्यावर मॅडमनी मला समजावलं. वायू आपल्याकडे येतोय की दूर जातोय, एवढंच मोजता येतं. धागा आपल्याकडे कललाय की पलीकडे, ते त्यांनी नुसतं गृहीत धरलं होतं. कल उलटा निघाला, तर तोच वायू मध्यातून बाहेर पडत असणार.

"कुणाच्या लक्षात येणार आहे?" मी म्हणालो. "प्रबंध द्या, जागा घ्या, मग शोधा निवांत."

"माज्या लक्षात आलंय ना."

प्रबंध त्यांनी दिला नाही. जागा दुसऱ्याला गेली आणि मॅडम लातूरला एका क्लासमध्ये शिकवायला गेल्या. मला त्यांचा इतका राग आला की विचारू नका. आणि त्या गेल्यावर कॉलेजात करमेना, तेही खरंच.

तिथून त्यांचे फोन यायचे. कल कळला का, विचारलं की म्हणायच्या, "न्हाई अजून." त्यातही आवाज खुशीत, म्हणून मी आणखी चिडायचो.

गेल्या महिन्यात फोन आला तो धापा टाकतच. "भाऊ, कळलं. दुसऱ्या वाटेनं तपासलं. वायू आतच येतोय. मी लिवलं होतं तेच बरोबर होतं."

मी कपाळाला हात लावला. "म्हणजे जागा फुकट घालवली की हो."

"फुकट कशी? तवा मी नुसतं म्हणत होते. आता मला ठाऊक हाय."