अक्रोडाचा साइडबोर्ड

साइडबोर्डच्या दाराची चीर मी सरसानं भरत होतो. आतल्या खोलीतून डॉक्टरसाहेब बाहेर आले आणि म्हणाले, "मिस्त्री, काम थांबवा. मॅडम गेल्या."

लढाईचे दिवस होते. मी साताऱ्याला सुतारकामाच्या क्लासवर शिकवत असे. वडूजला या अमेरिकन डॉक्टरांचा लहानसा दवाखाना होता. मॅडम त्यांच्या पत्नी आणि तिथल्या नर्स. टायफॉईडनं अंथरूण धरण्याआधी त्यांनी मला निरोप धाडला होता, की साइडबोर्ड दुरुस्त करून द्या, रूथला द्यायचा आहे. रूथ त्यांची एकुलती लेक.

साइडबोर्ड म्हणजे जेवणाच्या खोलीत भांडी ठेवायचं लांब, बुटकं कपाट. हे अक्रोडाचं होतं आणि मॅडमच्या आजोबांनी स्वतः केलेलं. आजोबांकडून आईला, आईकडून मॅडमना, असं ते आलं होतं. बोटीतून आणि पुढं बैलगाडीतून येऊनही त्याचा एकही सांधा हलला नव्हता. वडूजच्या कोरड्या हवेनं तेवढं एक दार चिरलं होतं.

उन्हाळा कडक होता. दफन संध्याकाळच्या आत व्हायला हवं होतं आणि पेटीला लाकूड नव्हतं. सातारा-सांगलीच्या वखारींतलं सागवान लष्कराकडे जात होतं. कंपाउंडर बाबूराव गावभर फिरून आले. मिळाला तो ओला कडुलिंब, त्याच्या फळ्या पाडायलाच दोन दिवस गेले असते.

तेवढ्यात एक धनगर घराचं दार पाठीवर घेऊन आला. त्याच्या बायकोचं अडलेलं बाळंतपण मॅडमनी केलं होतं. साहेब त्याला म्हणाले, दार परत ने, तुझं घर उघडं पडेल.

तो म्हणाला, "दार काय, दुसरं करता येतंय सायेब. बाई न्हाईत येनार."

साहेबांनी त्याचा हात धरला, पण दार घेतलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साइडबोर्ड फोडा."

मी म्हणालो, "साहेब, तो रूथताईंचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय मी हत्यार लावणार नाही."

रूथ दारातच उभी होती. जन्म वडूजचा, बोलणं वडूजचं. रडून चेहरा सुजला होता. तिनं साइडबोर्डच्या फळीवरून एकदा हात फिरवला.

"खोला काका," ती म्हणाली. "पर फोडू नगा. पणज्याच्या हातचा हाय."

खोलायचं म्हणजे सांधे सोडवायचे. ओढायच्या खणांना डव्हटेल होते, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले. बाकी ठिकाणी कूस, म्हणजे एका फळीच्या टोकाचा चौकोनी दांडा, दुसरीच्या भोकात बसवलेली. सगळं जनावरांच्या कातड्या-हाडांच्या सरसानं चिकटवलेलं, खिळा एकही नाही. हा सरस उष्णतेनं, ओलीनं नरमतो. मी उकळत्या पाण्याची फडकी सांध्यांवर ठेवत गेलो. किटली साहेबांनी धरली होती. निम्मं पाणी जमिनीवर सांडत होतं.

लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले, की सांधा करकरत सुटायचा. इतक्या वर्षांनी आतलं लाकूड पहिल्या दिवसासारखं तांबूस निघालं. आतमध्ये, जिथं कुणी कधी बघणार नाही, तिथंही त्या आजोबांनी रंधा मारायचा सोडला नव्हता. एवढं चांगलं काम माझ्या हातून मोडत होतं, आणि घाई करणं भाग होतं.

वरची अखंड फळी झाकणाला गेली. मागच्या नि बाजूच्या फळ्यांत पेटी झाली. सूर्य मावळायच्या आत मॅडमना मातीत ठेवलं. धनगरानं खांदा दिला.

खण तेवढे उरले. मी रूथताईंना म्हणालो, यांची लहान पेटी करून देतो. त्यांनी नको म्हटलं. पुढं मी गेलो तेव्हा त्या खणांत दवाखान्याची बँडेजं ठेवलेली होती आणि आईच्या जागी त्या काम करत होत्या.

क्लासवर मी मुलांना सांगत असे, सरसानं भागेल तिथं खिळा मारू नका. आपली वस्तू कधीतरी कुणाला तरी सोडवावी लागते, आणि त्या माणसाकडे बहुधा वेळ नसतो.